रोग गेला, नस मात्र दुखते आहे: कुष्ठरोगाच्या उपचारानंतर उरणाऱ्या वेदनेविषयी

सोलापूरहून एका मुलाने आपल्या वडिलांविषयी विचारले आहे. वडील ६१ वर्षांचे असून त्यांचा जन्म यंत्रमागावर चादरी आणि टॉवेल विणण्यात गेला. २००९ मध्ये त्यांना कुष्ठरोगाचे निदान झाले, एमडीटीची, म्हणजे कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचाराची, बारा महिन्यांची बारा पाकिटे त्यांनी एकही खाडा न करता संपवली आणि कार्डावर उपचार पूर्ण झाल्याचा शेरा पडला. गेली सहा वर्षे मात्र त्यांच्या डाव्या कोपरापासून करंगळीपर्यंत आग होते, मध्येच करंट बसल्यासारखी कळ जाते आणि रात्री दोन्ही तळपाय इतके जळजळतात की पायांवर चादरीचा स्पर्शही सोसत नाही. एका डॉक्टरांनी रोग उलटला असावा असे सांगितले, दुसऱ्यांनी वयाचा दोष म्हणून मनावर न घेण्याचा सल्ला दिला. चार वर्षांपासून मधुमेह असून मेटफॉर्मिनच्या गोळ्या चालू आहेत. एमडीटी पुन्हा सुरू करावी का, आणि या दुखण्यावर कायमचा उपाय आहे का, हे मुलाचे दोन मुख्य प्रश्न. पत्राच्या शेवटी त्याने जाता जाता आणखी एक ओळ लिहिली आहे: गेल्या दोन महिन्यांपासून चहा पिताना वडिलांच्या डाव्या हातातून बशी निसटते.

उत्तराची सुरुवात मी त्या शेवटच्या ओळीपासूनच करतो, कारण संपूर्ण पत्रात घाई करण्याजोगी गोष्ट तेवढी एकच आहे. सहा वर्षांचे दुखणे आणखी आठ दिवस थांबले तर काही बिघडणार नाही. दोन महिन्यांपासून निसटणारी बशी थांबू शकत नाही. बशी आपण अंगठा आणि तर्जनीची कड यांच्या चिमटीत धरतो, आणि ती चिमूट घट्ट ठेवणाऱ्या स्नायूला कोपरामागून जाणारी अल्नार नस चालवते. त्याच नसेच्या वाटेवर आग होत असेल आणि त्याच नसेचे स्नायू अलीकडे ढिले पडू लागले असतील, तर नस केवळ दुखत नाही, ती आज, या घडीला, काम गमावत आहे. नसेचे काम बिघडून सहा महिन्यांपेक्षा कमी काळ झाला असेल तर ते काही अंशी, कधी पुष्कळ अंशी, परत मिळवता येते. त्यानंतर परत येण्याची आशा झपाट्याने कमी होते. तुमच्याकडे फार तर चार महिने आहेत, आणि त्यातलेही पहिले पंधरा दिवस सर्वांत मोलाचे.

तपासणीला नेण्यापूर्वी घरी एक गोष्ट करून पाहता येईल. वर्तमानपत्राचा कागद वडिलांना दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनीत, बोटे सरळ ठेवून, धरायला सांगा आणि तुम्ही तो समोरून हलकेच ओढा. निरोगी हाताचा अंगठा सपाट राहून कागद दाबून धरतो. अल्नार नस अशक्त झाली असेल तर कागद सुटू नये म्हणून अंगठ्याचे टोकाचे पेर आपोआप वाकते, कारण तेथे दुसऱ्या नसेवर चालणारा स्नायू मदतीला धावतो. मग करंगळी बाजूला फाकवायला सांगून तुमच्या बोटाने तिला आत ढकला आणि उजव्या हाताशी ताडून पाहा. या दोन गोष्टींत डावा हात हरत असेल तर पुढच्या आठवड्याची वाट पाहू नका. तो हरला नाही म्हणून निश्चिंत होऊ नये हेही सांगतो, कारण सरावलेल्या हाताला जे जाणवते ते घरच्या परीक्षेत सुटू शकते.

दवाखान्यात काय काय पाहिले जावे हे तुम्हाला माहीत असावे, म्हणजे ते झाले नाही तर तुम्ही अदबीने विचारू शकाल. कोपर अर्धवट वाकवून, आतल्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्याच्या किंचित वर, बोटांच्या पेरांनी नस चाचपली जाते. ती सुतळीसारखी जाड आहे का, दोन्ही बाजूंत फरक आहे का आणि दाबताना रुग्णाचा चेहरा आक्रसतो का, हे पाहायचे असते. चाचपणाऱ्याने नजर रुग्णाच्या कोपराकडे नव्हे, चेहऱ्याकडे ठेवावी, असे आम्हाला शिकवले गेले आणि ते खरे आहे. मनगट, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस नडगीलगतच्या बारीक हाडाची मान आणि पायाच्या आतल्या घोट्यामागचा भाग येथील नसाही तशाच तपासल्या जातात. पापण्या घट्ट मिटतात का, अंगठा वर उचलला जातो का, मनगट आणि पाऊल वर वळते का, हे जोर लावून पाहतात आणि स्नायू सशक्त, अशक्त की लुळा अशी नोंद करतात. स्पर्शाची जाण पाहण्यासाठी साधे बॉलपेन पुरते: डोळे मिटायला सांगून तळहातावर आणि तळव्यावर ठरावीक जागी त्वचेला जेमतेम खळगी पडेल इतकेच टेकवायचे आणि रुग्णाने बोटाने ती जागा दाखवायची. या साऱ्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात. जुन्या कार्डावर २००९-१० च्या अशा नोंदी असतील तर त्यांचे मोल मोठ्या यंत्रांच्या तपासण्यांहून कमी नाही, कारण तेव्हा काय चालत होते हे ठाऊक असल्याशिवाय आज काय गेले हे ठरवता येत नाही.

आता रोग उलटल्याचा प्रश्न. केवळ दुखणे हे रोग परत आल्याचे लक्षण नाही, आणि केवळ दुखण्यासाठी एमडीटी पुन्हा सुरू करणे ही चूक आहे. या औषधांचे काम जिवाणू मारणे एवढेच असते. रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन यांपैकी एकही औषध जखमी नसेची आग शमवण्यासाठी दिलेले नसते. क्लोफाझिमिनने कातडी काळवंडून शेजाऱ्यांच्या नजरा पुन्हा वळतील, आणि डॅप्सोनने रक्त कमी होऊ शकते. शिवाय घरच्यांचा असा समज होईल की आपण पुन्हा संसर्गाच्या काळात गेलो. रोग खरोखर उलटला असेल तर सहसा नवे चट्टे येतात, जुने चट्टे पसरतात, कानांच्या पाळ्या किंवा चेहरा सुजट दिसू लागतो, आणि कानाच्या पाळीतून वा चट्ट्यातून घेतलेल्या द्रवाच्या तपासणीत जिवाणू सापडतात. हे क्वचित घडते. पण क्वचित घडते म्हणून ते न तपासता सोडून देणेही योग्य नाही, विशेषतः तुमच्या वडिलांच्या बाबतीत, कारण उपचारानंतर येणाऱ्या नसेच्या दाहाच्या रिअ‍ॅक्शन बहुतेक पहिल्या काही वर्षांतच येतात. इतक्या वर्षांनी नवा दाह दिसला तर त्यामागे रोगाचे पुनरागमन नाही ना, याची एकदा खात्री करावी लागते. संपूर्ण अंग उजेडात पाहून आणि ती एक तपासणी करून हा प्रश्न मिटवता येतो. तर्काने तो मिटवू नये.

मग इतक्या वर्षांनी अल्नार नस का बिघडावी? माझ्या मते सर्वांत संभवनीय कारण असे, की जुन्या दाहाने ती जाड आणि ताठर झालेली आहे आणि कोपरामागच्या अरुंद खोबणीत ती आता मावत नाही. कोपर वाकले की खोबण आणखी आवळते आणि नस ताणली जाते. त्यात मधुमेहाची भर पडली, कारण मधुमेहात नसा दाबाला लवकर बळी पडतात. वडील अजून मागावर किंवा कोपर टेकून बसण्याच्या कामावर असतील तर रोजचा घासही असेल. दुसरी शक्यता ताज्या दाहाची, तिसरी नसेत गळू साठल्याची. यांतली कोणती खरी हे पाहण्यासाठी कोपराची सोनोग्राफी आणि नसेच्या वहनाची तपासणी उपयोगी पडते. सोनोग्राफीत नसेची जाडी, आतले गळू आणि वाढलेला रक्तप्रवाह दिसू शकतो.

ताजा दाह ठरला तर प्रेडनिसोलोन हे औषध दिले जाते: साधारण रोज ४० मिलिग्रॅमपासून आरंभ करून दर पंधरवड्याने उतरवत, १२ ते २० आठवडे किंवा गरजेनुसार त्याहून थोडे जास्त. हे औषध नस वाचवते. आणि हेच औषध मधुमेह्याची साखर आठवडाभरात गगनाला नेते. म्हणून सुरू करण्यापूर्वी साखर, रक्तदाब, क्षयाची लक्षणे, जंत, पोटातील अल्सर आणि डोळे पाहावे लागतात, आणि सुरू असताना साखर घरी वारंवार मोजून मधुमेहाची औषधे वाढवावी लागतात, कधी काही महिन्यांपुरते इन्सुलिनही. साखर वाढेल या भीतीने आवश्यक प्रेडनिसोलोन नाकारणे जितके चूक, तितकेच सांधेदुखीच्या पुडीतून नकळत महिनोन्‌महिने ते खात राहणे चूक. तशी पुडी वडील घेत असतील तर ती तपासणीला सोबत न्या, आणि कोणाच्या सांगण्यावरून एका दिवसात बंद करू नका, कारण दीर्घकाळ घेतलेले हे औषध अचानक थांबवणे धोक्याचे असते.

एवढे घाईचे सांगून झाले. आता सहा वर्षांच्या दुखण्याकडे वळतो.

तुम्ही पत्रात विचारले आहे की जो हात बधिर आहे तो दुखेल कसा. हा प्रश्न रुग्ण रोज विचारतात आणि माझ्यासारखे डॉक्टर पूर्वी तो ऐकून हसत असत, हे मान्य करायला हवे. कुष्ठरोगाचे जिवाणू शरीराच्या थंड भागांत, म्हणजे त्वचेत आणि त्वचेलगतच्या नसांत, राहणे पसंत करतात. नसेतील तंतूंना वेष्टण घालणाऱ्या पेशींत ते ठाण मांडतात, आणि मोठे नुकसान त्यांच्यापेक्षा त्यांच्यावर चालून जाणाऱ्या आपल्याच प्रतिकारशक्तीने होते. नस म्हणजे एक तार नव्हे, हजारो तंतूंची जुडी. वडिलांना मागाच्या भाषेत सांगायचे तर ताण्यातले काही धागे तुटले, काही विरले, काही अखंड आहेत. तुटलेल्या धाग्यांमुळे स्पर्श, ऊन-गार आणि टोचणे कळेनासे होते, ती बधिरता. विरलेल्या धाग्यांतून मात्र कोणी हात लावलेला नसतानाही संदेश सुटत राहतात, आणि मेंदू त्या संदेशांचा अर्थ ‘करंगळी जळते आहे’ असाच लावतो, कारण ती तार पूर्वी करंगळीकडूनच येत असे. पाय कापलेल्या माणसाला नसलेला अंगठा दुखतो, त्यातलाच हा प्रकार. वर्षानुवर्षे असे संदेश येत राहिले की पाठीच्या कण्यातील केंद्रेही हळवी होतात, आणि मग चादरीचा नुसता स्पर्शदेखील वेदना म्हणून वर पोहोचतो. म्हणजे ज्या पायाला काटा मोडलेला कळत नाही त्याच पायाला सुती कापड सोसत नाही, आणि या दोन्ही तक्रारी एकाच माणसाच्या तोंडून खऱ्या असतात.

या दुखण्याकडे इतकी वर्षे लक्ष गेले नाही याला कारणे आहेत. १८७३ मध्ये नॉर्वेत हान्सेन यांनी जिवाणू दाखवला, १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली, १९८३ पासून आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाचे ध्येय निर्मूलन झाले, आणि डिसेंबर २००५ मध्ये देशाने दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण हा टप्पा गाठला. हे यश लहान नाही. पण या साऱ्या हिशेबात माणूस मोजला जातो तो औषध घेत असेपर्यंत. बारावे पाकीट संपले की त्याचे नाव चालू रुग्णांच्या नोंदवहीतून निघते आणि नस कुठल्याच रकान्यात उरत नाही. शिवाय आमच्या पुस्तकांनी कुष्ठरोग म्हणजे ‘न दुखणारा’ रोग असे डोक्यात पक्के बसवले होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील एका पाहणीत उपचार पूर्ण केलेल्या १०१ जणांना नीट प्रश्न विचारले गेले, तेव्हा त्यांतील २२ जणांना नसेची वेदना असल्याचे आढळले. म्हणजे पाचांतला एक.

माझी स्वतःची चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एक विडी कामगार बाई दर महिन्याला येऊन गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला आग होते म्हणून सांगत असत. उपचार संपलेले, चट्टे विझलेले. मी दर वेळी वेदनाशामक डायक्लोफिनॅक लिहून दिले आणि एकदा तर थोड्या तिरकसपणे विचारले की घरी काही ताण आहे का. चौथ्या की पाचव्या खेपेस त्या उंबरा ओलांडताना अडखळल्या, तेव्हा मी प्रथम त्यांना पाऊल वर उचलायला सांगितले. ते निम्मेच उचलले गेले. सूप मांडीवर घेऊन दिवसाचे आठ-नऊ तास एका ठरावीक बैठकीत बसल्याने आधीच सुजलेली नस हाडाच्या मानेवर रोज चेपली जात होती. पुढे पाऊल बरेचसे सावरले, पूर्ण नाही. त्यानंतर मी दुखते म्हणणाऱ्या रुग्णाला औषध लिहिण्याआधी जोर लावून पाहतो.

तुमच्या वडिलांच्या तळपायांची गोष्ट कोपराहून निराळी धरावी. कुष्ठरोगातील बिघाड सहसा एका-एका नसेच्या हद्दीत, डावे-उजवे सारखा नसलेला असा असतो. दोन्ही तळवे सारखेच जळत असतील तर मधुमेहाचा संशय आधी घ्यावा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्व कमी पडते, आणि शाकाहारी माणसात ते मुळातच कमी असते. त्याने पायांना नेमक्या अशाच मुंग्या येतात. दारू, थायरॉईडची कमतरता, मूत्रपिंडाचे आजार, क्षयावरच्या आयसोनियाझिडमुळे कमी पडणारे ब-६, कमरेतून दबलेली नस, अशी आणखी कारणे आहेत. तेव्हा तीन महिन्यांची सरासरी साखर, ब-१२, थायरॉईड आणि क्रिएटिनीन एवढ्या रक्ततपासण्या कराव्यात. कुष्ठरोग झालेल्या माणसाचे प्रत्येक दुखणे कुष्ठरोगाच्या खात्यावर टाकण्याची सवय डॉक्टरांनाही असते आणि रुग्णांनाही. ब-१२ ची कमतरता निघाली तर ती भरून काढणे सोपे आणि स्वस्त आहे, आणि ती न भरता महागड्या गोळ्या खात राहण्यात अर्थ नाही.

तळव्याला जखम असेल आणि जुनी मुकी जखम अचानक ठणकू लागली, वास येऊ लागला किंवा जांघेत गाठ आली, तर ते नसेचे दुखणे नव्हे. आत हाडापर्यंत पू गेलेला असू शकतो. पाऊल न दुखता गरम आणि सुजलेले दिसले तरी चालणे थांबवून दाखवावे, कारण बधिर पायातली हाडे न कळत मोडतात.

आता औषधे. नसेच्या वेदनेवर पॅरासिटामॉल आणि डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांचा उपयोग अत्यल्प होतो, आणि डायक्लोफिनॅक मधुमेह्याच्या मूत्रपिंडाला महागात पडते. उपयोगी औषधे दुसऱ्याच कुळातली आहेत. अ‍ॅमिट्रिप्टिलिन रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू करून एक-दोन आठवड्यांच्या अंतराने २५, गरज पडल्यास ५० पर्यंत नेतात. झोपही सुधारते, पण तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होतो, आणि प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडू शकते. वय ६१ असल्याने आधी हृदयाचा ईसीजी काढावा आणि काचबिंदू नाही ना ते विचारावे. नॉर्ट्रिप्टिलिन त्याच जातीचे, थोडे सौम्य. गॅबापेन्टिन ३०० मिलिग्रॅमपासून वाढवत दिवसाला तीन वेळांत विभागून देतात. प्रीगॅबालिन ७५ पासून. या दोहोंनी चक्कर आणि गुंगी येते, मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा घटवावी लागते, आणि प्रीगॅबालिनने पावलांवर सूज चढू शकते, जी बधिर पायाच्या माणसाला कळत नाही; चप्पल घट्ट होऊन पट्ट्याखाली फोड आल्यावरच ती लक्षात येते. मधुमेह सोबत असल्याने ड्युलोक्सेटिन ३० वरून ६० हाही चांगला पर्याय आहे, यकृत ठीक असेल तर.

ही सारी औषधे प्रामुख्याने मधुमेहातल्या आणि नागिणीनंतरच्या वेदनेत पारखली गेली आहेत. कुष्ठरोगानंतरच्या वेदनेवर स्वतंत्र मोठ्या चाचण्या फारच थोड्या झाल्या आहेत. आम्ही तिकडचा अनुभव इकडे वापरतो आणि तो पुष्कळदा लागू पडतो. कायमचा उपाय आहे का, या तुमच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे, की दुखणे संपूर्ण जाणे हे माझ्या रुग्णांत थोड्यांनाच लाभले. निम्म्यावर येणे आणि रात्रीची झोप सलग होणे हे बऱ्याच जणांना लाभले. एका गोळीला योग्य मात्रेत चार ते सहा आठवडे द्यावेत. तिसऱ्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून डॉक्टर बदलणारे रुग्ण पाच डॉक्टरांकडून त्याच औषधाची सर्वांत छोटी मात्रा पाच वेळा घेतात. गोळी सोडायची तर हळूहळू उतरवत सोडावी.

घरगुती उपायांविषयी मला थोडे कडक बोलावे लागेल. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर जातो, फरशी आणि डांबर अनवाणी पायाला भाजते, आणि बधिर तळव्याला ते कळत नाही हे सर्वांना पटते. पण तोच माणूस रात्री आग होते म्हणून पायाला गरम विटेचा शेक देतो, रुईची पाने तापवून बांधतो, किंवा कोणाच्या सांगण्यावरून बिब्बा घालतो. अशा शेकाने तळव्याची कातडी मोज्यासारखी निघून आलेली मी पाहिली आहे. वेदना असलेली जागा बधिरही असू शकते हे वर सांगितले ते एवढ्यासाठीच. गरम पिशवी नको, बर्फ नको, आणि मिरचीच्या अर्काचे मलमही नको. ते मलम लावलेला हात नीट न मिटणाऱ्या डोळ्याला लागला तर डोळा जाण्याची पाळी येते. साध्या पाण्यात वीसेक मिनिटे पाय भिजवणे, टाचेची जाड कातडी खरखरीत दगडाने हलकेच घासणे आणि ओल्या कातडीवरच खोबरेल लावणे यांनी आग थोडी निवते आणि भेगाही भरतात. चादर पायांना सोसत नसेल तर पलंगाच्या पायथ्याशी एक छोटे स्टूल किंवा खोके आडवे ठेवून चादर त्यावरून सोडावी, म्हणजे ती अंगावर राहते पण तळव्याला टेकत नाही. हा उपाय मला एका रुग्णाच्या पत्नीने शिकवला.

कोपरासाठी औषधाइतकाच उपयोग एका जुन्या टॉवेलाचा होतो. झोपताना तो कोपराभोवती सैलसर पण जाड गुंडाळून चिकटपट्टीने धरला की झोपेत हात पूर्ण दुमडला जात नाही. हात उशाखाली घेऊन झोपण्याची सवय वडिलांना असेल तर ती मोडावी लागेल. दिवसा मागाच्या चौकटीवर, टेबलाच्या कडेवर, मोबाइल कानाला लावून खुर्चीच्या हातावर, कोठेही कोपर टेकू नये. टेकावेच लागले तर खाली फोम हवा. दाह ताजा असेपर्यंत हाताला झोळी किंवा स्प्लिंट लावून विश्रांती द्यावी, आणि तो शमल्यावर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हलके व्यायाम. अंगमर्दन करणाऱ्याकडून ‘नस मोकळी’ करून घेऊ नये.

प्रेडनिसोलोन योग्य रीतीने घेऊनही शक्ती ढासळत राहिली, वेदना असह्य राहिली किंवा नसेत गळू निघाले, तर खोबण मोकळी करण्याची शस्त्रक्रिया असते. ती वेळेत झाली तर वेदनेला बऱ्याचदा उतार पडतो. गेलेली शक्ती तिने परत येईलच असे सांगता येत नाही. शस्त्रक्रियेचा निर्णय हाताचे शल्यविशारद आणि कुष्ठरोगाचा अनुभव असलेले डॉक्टर यांनी मिळून घ्यावा.

एक गोष्ट तुमच्या पत्रावरून जाणवली म्हणून लिहितो. तुम्ही लिहिता की दुसऱ्या डॉक्टरांना जुन्या रोगाचे सांगितलेच नव्हते, कारण बहिणीचे लग्न व्हायचे आहे. त्यांनी वयाचा दोष ठरवला यात मग त्यांची फारशी चूक राहत नाही. ही लपवाछपवी का होते हे मला ठाऊक आहे. २०१९ पर्यंत आपल्या विवाहविषयक कायद्यांत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून लिहिलेले होते, मग लोकांना काय दोष द्यायचा. पण डॉक्टरांच्या खोलीत हे सांगितलेच पाहिजे. रुग्णाची माहिती बाहेर जाऊ न देणे हे त्यांच्यावर बंधन आहे, आणि हवे तर मुलाने बाहेर थांबावे, वडिलांनी एकट्याने सांगावे. हाताची ताकद कायमची गेली असे पुढे ठरले, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठरोगमुक्त व्यक्तींचा स्वतंत्र उल्लेख आहे, त्याप्रमाणे प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. आणि सहा वर्षे झोप न मिळालेला माणूस चिडचिडा आणि खिन्न होतो. वडील गप्प-गप्प राहतात असे तुम्ही म्हटले आहे, तर तेही डॉक्टरांना सांगा. मनाचे खेळ म्हणून दुखते असे नाही. दुखते म्हणून मन खचते, आणि त्यावरही उपचार असतात.

सिव्हिलच्या त्वचारोग विभागात याच आठवड्यात जा. सोबत २००९-१० चे कार्ड, साखरेचे अलीकडचे रिपोर्ट आणि चालू असलेल्या साऱ्या गोळ्या, वेष्टनांसह, न्या. बशी कधीपासून निसटते ती तारीख आठवून कागदावर लिहा आणि बोलण्याची सुरुवात तेथूनच करा. वडिलांना नवी चप्पल घालून नेऊ नका. रोजची झिजलेलीच पायात असू द्या, कारण तिचा तळ उलटा करून पाहिला की पावलाचा भार कोठे पडतो आणि पुढची जखम कोठे होणार हे पाय तपासण्याआधीच कळते.